दोन हस्ताक्षर तज्ज्ञ, दोन उलटी मतं: कोर्ट ऐकतं तरी कोणाचं?

गंगाथडीचा_राजू
नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचतोय इथे, आज पहिल्यांदा धागा काढतोय आणि तोही कोर्टाचा, म्हणजे योग बघा.

प्रकरण असं आहे. दिंडोरी तालुक्यात वडिलांच्या नावावर वीस गुंठे. वडील २०२१ ला गेले. २०२२ मध्ये गावातल्याच एकाने नाशिकच्या कोर्टात दावा टाकला की तुमच्या वडिलांनी २०१३ साली ही जमीन मला द्यायची ठरवली होती, ही बघा शंभरच्या स्टॅम्पवरची सौदा पावती, विसार पाच लाख रोख दिला, आता खरेदीखत करून द्या. पावती घरात कोणी कधी बघितलेली नाही. आई तर ऐकून मटकन खालीच बसली.

आम्ही कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, लिहिलं की सही वडिलांची नाहीच. मग वादीने खाजगी हस्ताक्षर तज्ज्ञ आणला, त्याचा बावीस पानी रिपोर्ट, सही वडिलांचीच. मग आम्ही आमचा आणला (फी विचारू नका, त्यात एक सेकंडहँड स्प्लेंडर आली असती), त्याचा अठरा पानी रिपोर्ट, सही बनावट. दोघांनी सह्या तळहाताएवढ्या मोठ्या करून त्यावर लाल बाण मारलेत. गंमत म्हणजे दोघांनी धरलेलं अक्षर पण एकच, आडनावाच्या शेवटचा 'र'. त्यांचा तज्ज्ञ म्हणतो र चा फाटा नैसर्गिक ओघात आलाय, आमचा म्हणतो तोच फाटा थरथरत, अडखळत काढलाय. अरे एकच र आहे ना?

पुढच्या महिन्यात वादीच्या तज्ज्ञाचा उलटतपास आहे. वकील म्हणतात बघू, करू. मला एवढंच विचारायचंय की जजसाहेब अशा वेळी ठरवतात कसं? ज्याचा रिपोर्ट जाड तो जिंकतो का?

टवाळ_पंचवटीकर
तिसरा तज्ज्ञ आणा. बेस्ट ऑफ थ्री.

रोखठोक
सरळ सांगतो, राग मानू नका. पैसे देईल त्याच्या बाजूने मत. फी घेणारा तज्ज्ञ पार्टीच्या विरोधात मत देईल तर पुढच्या वेळी त्याला बोलवेल कोण? हा सगळा धंदा आहे, कोर्टाला पण माहितीये, तारखा पडत राहतात आणि आपण सीबीएस स्टँडसमोर रसवंतीवर उभं राहून वाट बघायची.

कायद्याचा_किडा
राजू, नाशिक कोर्टातच वकिली करतो म्हणून चार गोष्टी सांगतो. तुमच्या वकिलांच्या कामात नाक खुपसायचं नाहीये, निर्णय त्यांचाच.

पहिली गोष्ट म्हणजे तज्ज्ञाचं ते मत असतं, निकाल नसतो. पुरावा कायदा १८७२, कलम ४५. हस्ताक्षर, बोटांचे ठसे, शास्त्र, कला, परदेशी कायदा, एवढ्या बाबतीत जाणकाराचं मत कोर्ट विचारात घेऊ शकतं. आता १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तिथे हेच कलम ३९ झालं आणि 'इतर कोणतंही क्षेत्र' असे शब्द वाढले. पण तुमचा दावा २०२२ चा, आधीच चालू असलेली प्रकरणं जुन्या कायद्याने चालतात, त्यामुळे तुमच्याकडे ४५ च. कोणी ३९, ३९ करत आलं तर घाबरू नका.

दुसरं, नुसता रिपोर्ट दाखल केला म्हणजे काही सिद्ध होत नाही. रिपोर्ट लिहिणाऱ्याला पिंजऱ्यात यावं लागतं, शपथेवर सांगावं लागतं आणि उलटतपास झेलावा लागतो. कलम ५१ बघा, मत कशाच्या आधारावर दिलं ती कारणंही पुराव्यात येतात. जज मत मोजत नाहीत, कारणं मोजतात. बावीस पानांतली सोळा पानं पुस्तकी व्याख्या असतात हो, कॉपी पेस्ट. कामाची दोन पानं असतात, ती शोधा.

तिसरं, हस्ताक्षराच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाचा मुरारीलाल निकाल आहे, १९८० चा, न्या. चिन्नप्पा रेड्डी. त्याआधी १९७७ च्या मगनबिहारीलाल निकालावरून सगळे म्हणायचे की हस्ताक्षर तज्ज्ञाच्या मतावर दुसरा आधार असल्याशिवाय विसंबूच नये. रेड्डी साहेबांनी सांगितलं असा काही पक्का नियम नाही, सावध राहा, कारणं तपासा, बाकीचा पुरावा बघा, आणि मग मत पटत असेल तर घ्या. बोटांच्या ठशांचं शास्त्र जितकं पक्कं झालंय तितकं हस्ताक्षराचं नाही हेही त्यातच आहे.

आणि हो, कलम ७३ खाली जज स्वतःही सह्या ताडून बघू शकतात. पण १९७९ च्या पालीराम निकालात सांगितलंय की न्यायाधीशाने स्वतःच तज्ज्ञ व्हायची घाई करू नये.

एक प्रश्न मात्र तुम्हाला: २०१३ ची पावती आणि दावा २०२२ ला? मुदतीचा मुद्दा घेतलाय का?

गंगाथडीचा_राजू
@किडा साहेब, खूप आभार. मुदतीचं विचारलं होतं वकिलांना. पावतीत तारीख नाही खरेदीखताची, 'मोजणी झाल्यावर' एवढंच आहे. त्यामुळे ते म्हणतायत २०२१ ला आम्ही नोटिशीला नकार दिला तिथून तीन वर्षं.

कायद्याचा_किडा
हुशार आहेत. पावती लिहिणारा मुरलेला दिसतोय.

निफाडचा_बागायतदार
तज्ज्ञ म्हणलं की माझ्या अंगावर काटा येतो. माझी गोष्ट ऐका.

ऑक्टोबर छाटणी झाली, बाग एक नंबर, जीएचं (वाढीच्या संप्रेरकाचं) दुसरं डिपिंग, म्हणजे घड बुडवणं, झालेलं, आणि दुकानदाराने एक औषध दिलं म्हणाला भुरीवर मारा. मारलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेलो तर मणी तांबूस पडलेले, घडाचा खालचा भाग तर इस्त्री फिरवल्यासारखा. दोन एकर. ग्राहक मंचात गेलो. समोरच्या कंपनीने एक रिटायर कृषी शास्त्रज्ञ आणला, पांढरे केस, गोड बोलणं, तो म्हणाला असं स्कॉर्चिंग तापमानातल्या फरकानेही होऊ शकतं, दोन औषधं एकत्र मिसळल्यानेही होऊ शकतं. झालं. बाग बघायला हा माणूस कधी आला नाही, बांधावर पाय नाही ठेवला, एसी ऑफिसात बसून फोटो बघून मत दिलं. आणि माझ्याकडे औषधाची बाटली रिकामी, धुवून बायकोने त्यात फिनेल भरलेलं. केस गेली.

अनुजा_कॉलेजरोड
अरे देवा फिनेल 🙈

निफाडचा_बागायतदार
हसा ताई. आम्हीपण आता हसतो. तेव्हा नव्हतो हसत.

कायद्याचा_किडा
बागायतदार साहेब, तुमच्या केसचं माहीत नाही पण दोन निकाल तुमच्यासारख्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

एक म्हणजे हिमाचलचा जयलाल निकाल, १९९९, सुप्रीम कोर्ट. सफरचंदाच्या बागांचं प्रकरण. स्कॅब रोग लागलेली सफरचंदं सरकारने विकत घेतली होती, मग आरोप झाला की बागवाल्यांनी बागेत येऊच शकत नाही इतका माल दाखवून पैसे उचलले. बागेत किती माल येऊ शकतो हे सांगायला फलोत्पादन खात्याचे अधिकारी आले. सुप्रीम कोर्ट म्हणालं की त्या विषयाचा खास अभ्यास किंवा खास अनुभव दाखवल्याशिवाय कोणी तज्ज्ञ होत नाही, नुसतं पद पुरत नाही. आणि मत कसं काढलं त्याची मोजमापं, निकष कोर्टापुढे ठेवले पाहिजेत म्हणजे कोर्टाला स्वतःला ते तपासून बघता येईल. हा मुद्दा राजूच्या केसलाही तसाच लागू.

दुसरा २०१२ चा नॅशनल सीड्स वि. मधुसूदन रेड्डी. कंपन्या म्हणायच्या बियाणं प्रयोगशाळेत तपासलंच नाही मग दोष कसा सिद्ध झाला. कोर्ट म्हणालं शेतकरी आणलेलं सगळं बी पेरतो, कोर्टासाठी मूठभर बाजूला ठेवेल अशी अपेक्षाच चुकीची. तिथे शेतात जाऊन पाहणी केलेल्यांचे रिपोर्ट कामी आले. म्हणून पीक खराब झालं की पहिल्या दिवशी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज, समितीची पाहणी, पंचनामा, आणि पंचनाम्याच्या वेळी दुकानदाराला नोटीस.

निफाडचा_बागायतदार
हे तेव्हा कोणी सांगितलं नाही. आणि बाटली?

कायद्याचा_किडा
बाटली धुवायची नाही 🙏

प्रेसवाले_काका
मी नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून रिटायर होऊन बारा वर्षं झाली. आमच्याकडे पूर्वी देशभरातून संशयित नोटांची पाकिटं यायची, लाखेचं सील, आत पोलिसांचं पत्र आणि नोटा. तपासून रिपोर्ट जायचा. फौजदारी कायद्यात यासाठी वेगळं कलमच आहे, जुन्या सीआरपीसीत २९२, त्यात टांकसाळ, नोट छापणारा प्रेस, सिक्युरिटी प्रेस असं सगळं आहे. म्हणजे रिपोर्ट पुराव्यात वाचता येतो, प्रत्येक वेळी आम्हाला बोलवायची गरज नाही. पण कोर्टाला वाटलं तर समन्स येतंच.

एकदा आलं. लांबच्या राज्यातलं कोर्ट. दोन रात्री गाडीत, वर धर्मशाळेत एक मुक्काम, सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून हजर. दुपारी चारला पुकारा झाला. वकिलाने विचारलं, रिपोर्टवर सही आपली का? म्हणालो हो. बसा म्हणाले. तेवढंच!! चार मिनिटं पण नाही.

उलटतपासात एकाने खोदून विचारलं होतं दुसऱ्या एका केसमध्ये, की नोट खोटी आहे हे नक्की कोणत्या चाचणीने कळलं ते सांगा. ते आम्हाला सांगताच येत नाही. प्रेसच्या जनरल मॅनेजरची परवानगी असल्याशिवाय चाचणीचा तपशील उघड करायचा नाही असं कायद्यातच लिहिलंय. आणि बरोबर आहे, नाहीतर पुढची खोटी नोट छापणाऱ्याला आपणच शिकवणी दिल्यासारखं.

आता राजू, मी सही तज्ज्ञ नाही, पण आमच्याकडे पहिला धडा एकच होता. संशयित वस्तू हातात घेण्याआधी बघायचं की शेजारी खरी म्हणून काय ठेवलंय. नोट पन्नासची जुन्या मालिकेतली आणि ताडायला घेतली नव्या मालिकेतली तर खरी पण खोटी दिसेल. तुमच्या दोन्ही तज्ज्ञांनी ताडायला वडिलांच्या कोणत्या सह्या घेतल्या ते बघितलंत का? कोणत्या सालच्या?

रोखठोक
काका, तुमचा पगार सरकार देतं म्हणून तुम्ही निष्पक्ष. खाजगीवाल्यांचं बोला.

प्रेसवाले_काका
पगार सरकार देतं तशी घाई पण सरकारच करतं. चुका आमच्याकडेही होतात. सरकारी म्हणजे देव नव्हे.

डॉ_तर्रीवाले
माझी पण भर. सरकारी दवाखान्यात नोकरीत असताना एमएलसी भरपूर केल्या, म्हणजे मारामारी, अपघात, पोस्टमॉर्टेम. कोर्टात साक्षीला जाणं हा अर्धा दिवसाचा कार्यक्रम, ओपीडी बुडते ती वेगळीच. हल्ली व्हीसीवर साक्ष होते कधीकधी, ते बरंय.

तर डॉक्टरला अडकवायचा एक ठरलेला प्रश्न असतो. "डॉक्टरसाहेब, ही जखम दगडावर पडल्याने होऊ शकते का?" आता खरं उत्तर 'होऊ शकते' असंच असतं, जगात काय होऊ शकत नाही. आपण प्रामाणिकपणे हो म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'जखम पडल्याने झाल्याची डॉक्टरांची कबुली'. पुढे पुढे मी शिकलो, आधी म्हणायचं होऊ शकते, आणि श्वास न घेता पुढे जोडायचं की पण या केसमध्ये जखमेच्या कडा आणि खोली बघता तसं वाटत नाही. वकील मध्येच तोडतात म्हणून श्वास घ्यायचा नाही 😀

निफाडच्या साहेबांच्या केसमध्ये तोच 'होऊ शकतं' तज्ज्ञ समोरून आला. त्याला एवढंच विचारायला हवं होतं की होऊ शकतं हे कळलं, या बागेत झालं का ते सांगा.

राजू, तुम्ही लिहिलंय आमचा तज्ज्ञ म्हणतो फाटा थरथरत काढलाय. बनावट सही हळूहळू चित्रासारखी काढतात म्हणून रेष थरथरते हे मान्य. पण थरथरायला अजूनही कारणं असतात. वडिलांची तब्येत कशी होती? पार्किन्सन, अर्धांगवायू वगैरे?

टवाळ_पंचवटीकर
डॉक्टर तुमचं नाव बघून भूक लागली. कोर्टाच्या तारखेचा एकच फायदा, सकाळी मिसळ होते. तज्ज्ञ मत: तर्री वेगळी मागावी, पापड आधी मोडून टाकू नये.

अनुजा_कॉलेजरोड
यावर उलटतपास घ्यायचाय मला. पापड मोडूनच टाकतात.

टवाळ_पंचवटीकर
कलम ४५ खाली आपण तज्ज्ञ नाही ताई. खास अभ्यास दाखवा.

मोडीवाली_मावशी
मिसळ बाजूला ठेवा जरा. मी मोडी वाचते, जुने जमिनीचे कागद देवनागरीत करून देते. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं तेव्हापासून अचानक आम्हाला भाव आलाय, त्याआधी लोक विचारायचे मोडी म्हणजे मोडकी का.

दोनदा कोर्टात गेलेय. एका केसमध्ये आधीच्या वाचकाने कागदावरचं साल फसली (महसुली कालगणना) समजून इसवी सन काढायला त्यात ५९० मिळवले होते. मी बघितलं तर आकडे अंकात नव्हतेच, अरबी शब्दांत होते, इसन्ने, सलास असे. म्हणजे शुहूर सन, ही वेगळी कालगणना, त्यात ५९९ मिळवायचे. नऊ वर्षांचा फरक! त्या नऊ वर्षांत पणजोबा वारलेले, म्हणजे एका वाचनात मेलेल्या माणसाने जमीन दिली आणि दुसऱ्या वाचनात जिवंत माणसाने. वकील मला म्हणाले तुम्ही बरोबर कशावरून, तो कशावरून चूक. मी म्हणाले माझ्यावर विश्वास ठेवूच नका, हा शब्द बघा, हा स बघा, खालच्या ओळीतला स बघा. जजसाहेबांनी भिंग मागवलं, स्वतः बघितलं, मान हलवली. पाच मिनिटांत संपलं.

सांगायचं एवढंच, की ज्याला दाखवता येतं त्याला जास्त बोलावं लागत नाही. रोखठोक, मी पण फी घेतेच की. फुकट कोण डोळे फोडेल.

रोखठोक
मावशी तुम्हाला नाही म्हणालो मी 🙏

लंडनचा_नाशिककर
इथे इंग्लंडमध्ये दिवाणी कोर्टाच्या नियमांत भाग ३५ म्हणून आहे, तज्ज्ञाचं कर्तव्य कोर्टाशी, पैसे देणाऱ्याशी नाही, हे लेखी द्यावं लागतं. कोर्ट दोघांत मिळून एकच तज्ज्ञ नेमा असंही सांगू शकतं.

पण म्हणून सगळं आलबेल नाही बरं. सॅली क्लार्क नावाची बाई, दोन तान्ही मुलं एकापाठोपाठ पाळण्यात गेली, आईवर खुनाचा खटला. रॉय मेडो म्हणून नामवंत बालरोगतज्ज्ञ, त्यांनी साक्षीत सांगितलं की अशा घरात दोन मुलं नैसर्गिकपणे अशी जाण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक. एका मुलाच्या शक्यतेचा आकडा घेऊन सरळ त्याचा वर्ग केला होता. एकाच घरातली, एकाच आईबापाची मुलं, दोन्ही घटना स्वतंत्र धरल्या! १९९९ ला तिला शिक्षा झाली, २००३ मध्ये सुटली. डॉक्टर मुलांचे तज्ज्ञ होते, आकडेशास्त्राचे नव्हते, आणि कोर्टात ते कोणाच्या वेळेत लक्षात आलं नाही.

कायद्याचा_किडा
हे उदाहरण मी ज्युनियरना नेहमी सांगतो. तज्ज्ञ आपल्या कुंपणाबाहेर गेला की तिथेच पकडायचा.

आपल्याकडेही कोर्टाला स्वतः तपासणी करून घेता येते बरं, दिवाणी संहितेचा आदेश २६, नियम १०-अ, शास्त्रीय तपासणीसाठी कमिशनर. जमिनीच्या हद्दीच्या वादात भूमी अभिलेखवाले कमिशनर म्हणून येतात तसंच. राजूच्या केसमध्ये दोन्ही खाजगी मतं आपटली तर मूळ कागद सरकारी तपासनीसाकडे पाठवायचा अर्ज करता येईल. फक्त वेळ जातो, आणि मत आपल्या विरोधात आलं तर ते गळ्यात पडतं. विचार करून.

शेजारचा_इंजिनियर
शाईचं वय काढता येत नाही का? कागद २०१३ चा की नंतरचा ते कळेल.

कायद्याचा_किडा
दर आठवड्याला एक पक्षकार हे विचारतो. चेकच्या केसमध्ये तर फारच. शाई अमुक सालची असं भरवशाने सांगणारी सोय आपल्याकडे नाही, बऱ्याच निकालांत अर्ज याच कारणाने फेटाळलेत. पेन वेगळं आहे, मजकूर आणि सही वेगळ्या वेळी झाल्यात, एकावर एक रेघ कुठली आधीची, एवढं कधीकधी कळतं. त्यापेक्षा स्टॅम्पपेपरच्या मागे बघा. विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक, घेणाऱ्याचं नाव. विक्रेत्याचं रजिस्टर असतं. शाईपेक्षा रजिस्टर बरं बोलतं.

टवाळ_पंचवटीकर
आता २०२४ पासून शंभरचा स्टॅम्प बंद, पाचशेचाच घ्यावा लागतो. खोटी पावती करणं पण परवडत नाही गरिबाला.

गंगाथडीचा_राजू
मंडळी, काल रात्री प्रेसवाल्या काकांचं वाचून उठलो आणि फाईल काढली. दोन वाजले. बायको म्हणाली आता झोपा. झोप आली नाही.

काका, डॉक्टर, तुम्ही दोघांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एकच निघालं.

वडिलांना २०१६ च्या दिवाळीत अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू. नंतर सुधारले, पण सही बदलली ती बदललीच. आधी लांब, झोकदार, र ची शेपटी पार ओळीबाहेर. नंतर बारीक, दाटीवाटीची, र चा फाटा वाकडा आणि तुटका, मध्येच पेन उचलल्यासारखा.

आमच्या तज्ज्ञाने ताडायला घेतल्या २००९ आणि २०११ च्या सह्या, खरेदीखतावरच्या. त्यांच्या तज्ज्ञाने घेतलीय बँकेच्या २०१८ च्या फॉर्मवरची.

पावतीवरची सही २०१८ सारखीच आहे. अगदी तशीच. मी स्वतः बघितली, तळहाताएवढी मोठी केलेलीच आहे ना रिपोर्टात.

डॉ_तर्रीवाले
आणि पावतीवर तारीख २०१३ ची.

गंगाथडीचा_राजू
हो.

अनुजा_कॉलेजरोड
थांबा थांबा. म्हणजे २०१३ साली त्यांनी २०१६ नंतरची सही केली??

प्रेसवाले_काका
जुन्या तारखेची नोट नव्या मालिकेत. पकडली.

कायद्याचा_किडा
राजू, आता शांतपणे वाचा.

एक, उलटतपासात त्यांच्या तज्ज्ञाला खोटं पाडायला जाऊ नका. उलट त्याला पक्का करा. २०१८ च्या सहीशी तंतोतंत जुळते ना? रेषेचा तुटकपणा जुळतो ना? तोच बारकावा २०११ च्या सहीत दिसतो का? त्याला २०११ ची सही दाखवा, निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडलेली असेल तर हातातच द्या. मग त्याने काय ते सांगू दे. आजाराचे कागद, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, ते आधी रेकॉर्डवर आणा, डॉक्टर साक्षीला मिळाला तर उत्तम.

दोन, आणि हे कडू आहे. तुमची कैफियत म्हणते सही वडिलांचीच नाही. पण आता जे दिसतंय त्यावरून सही वडिलांची असूही शकते, २०१६ नंतर कधीतरी घेतलेली, आणि वरचा मजकूर व तारीख मागून टाकलेली. किंवा २०१८ ची सही समोर ठेवून कोणीतरी काढलेली. दोन्ही शक्य आहे. तुमचे दोन तज्ज्ञ भांडतायत ते 'कोणाची' यावर, खरा प्रश्न 'कधीची' हा आहे. कैफियत दुरुस्तीचा अर्ज लागेल, आदेश ६ नियम १७, आणि पुरावा सुरू झाल्यावर कोर्ट विचारणार की आधी का नाही केलंत, तेव्हा पुरेशी काळजी घेऊनही कळलं नव्हतं हे पटवावं लागेल. आजच वकिलांना भेटा, इथे अजून लिहीत बसू नका.

तीन, तुमच्या तज्ज्ञाने मूळ पावती बघितली होती की झेरॉक्स?

गंगाथडीचा_राजू
... झेरॉक्स. कोर्टाच्या रेकॉर्डवरच्या मूळ कागदाचे फोटो घ्यायला अर्ज करा म्हणाले होते, आपणच म्हणालो राहू द्या वेळ जाईल.

कायद्याचा_किडा
मग त्यांचे वकील तुमच्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारणार. झेरॉक्समध्ये दाब दिसत नाही, पेन कुठे उचललं ते दिसत नाही. 'अडखळत काढलाय' हे तो झेरॉक्सवरून कसं म्हणाला? आत्ताच अर्ज करून मूळ कागदावरून तपासणी करून घ्या.

रोखठोक
म्हणजे त्यांचा विकलेला तज्ज्ञ खरं बोलत होता आणि आपला प्रामाणिक झेरॉक्सवर होता. मी माझे शब्द अर्धे मागे घेतो.

मोडीवाली_मावशी
अर्धेच?

रोखठोक
फीचं राहू द्या ना मावशी.

मोडीवाली_मावशी
राजू, आईंना विचारलंत का? तज्ज्ञच लागतो असं नाही ना हो किडा? ज्याने आयुष्यभर सही बघितली त्याचं काय?

कायद्याचा_किडा
मावशी बरोबर. कलम ४७. त्या माणसाला लिहिताना बघितलेल्या, त्याच्या हस्ताक्षराची ओळख असलेल्या माणसाचं मतही चालतं, त्याला डिग्री लागत नाही. आई उत्तम साक्षीदार होतील, सही कधी बदलली हे त्यांच्याइतकं कोण सांगणार. फक्त पढवू नका, दिसतं ते.

गंगाथडीचा_राजू
आठवड्याने येतोय. वकिलांना भेटलो, आधी चिडले मग स्वतःच फाईल घेऊन खिडकीशी गेले. दुरुस्तीचा अर्ज टाकतोय. आजची तारीख गेली, वादीचे तज्ज्ञ आले नाहीत, वकिलांनी पुरसिस (कोर्टाला लेखी निवेदन) दिली, पुढची महिन्याने. टवाळ, मिसळ खाल्ली. पापड मोडून.

स्टॅम्प विक्रेत्याच्या रजिस्टरसाठी अर्ज केलाय, अजून काही आलं नाही.

आईला विचारलं. म्हणाली २०१८ च्या उन्हाळ्यात तोच माणूस घरी आला होता, सोसायटीच्या कर्जाचं काहीतरी आहे म्हणून दोन कागदांवर यांची सही घेऊन गेला, मी चहा ठेवला होता. सात वर्षं हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं कारण कोणी विचारलंच नव्हतं. आम्ही सगळे तज्ज्ञाच्या मागे.

मग उठली आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून दूध डेअरीची कार्डं काढली. २०१२, १३, १४. दर दहा दिवसांच्या पगारावर वडिलांची सही, शेपटी ओळीबाहेर. २०१३ च्या एकट्या छत्तीस आहेत, मोजल्या.

कायद्याचा_किडा
सोनं आहे राजू. कोणाला दाखवायच्या नाहीत, लॅमिनेट करायच्या नाहीत, पंच मारायचा नाही. मूळच आहेत ना? झेरॉक्स नाही ना?

गंगाथडीचा_राजू
मूळ. त्यावरचा शेणाचा डाग पण मूळ आहे.

निफाडचा_बागायतदार
धुवू नका.